दोन इंचांची वाटणी

मित्रांनो, मी एक जुना पाइप आहे. लोखंडी, जस्ताचा मुलामा दिलेला, दोन इंची. एका धुलाईघराच्या मागच्या अंगणात दोन खांबांवर मी आडवा पडून असतो आणि माझ्या पाठीवर ओली ब्लँकेटे वाळत घातलेली असतात. त्यांचे पाणी माझ्या अंगावरून ठिबकत मातीत जाते. म्हणजे पाणी माझ्याकडे रोज येते, पण ते बाहेरून येते. बाहेरून भिजणे आणि आतून वाहणे यांत किती अंतर आहे, हे तुम्हाला कसे समजावू? बंद दारावर पडणारी थाप आणि घरात नांदणारे माणूस यांत जेवढे असते, तेवढे.

कारखान्यात मी आधी एक लांब, सपाट पट्टी होतो. तेव्हा मला वरची बाजू होती, खालची होती, पण 'आत' नव्हते. मग त्यांनी मला लालबुंद होईपर्यंत तापवले, रुळांमधून ओढत नेले, माझ्या दोन्ही कडा हळूहळू एकमेकींकडे वळवल्या आणि जिथे त्या भेटल्या तिथे सांधून टाकल्या. त्या क्षणी माझ्यात एक पोकळी जन्माला आली. लोक समजतात, पाइप म्हणजे लोखंड. तसे नाही. पाइप म्हणजे ती पोकळी. लोखंड हे तिच्याभोवतीचे नुसते कुंपण. माझी ओळखसुद्धा त्या पोकळीच्या रुंदीवरूनच ठरली. मी 'दोन इंची' झालो. पुढे मला वितळलेल्या जस्तात बुडवले, टोकांना आटे पाडले आणि दुकानात नेऊन उभे केले. माझ्या शेजारी दीड इंची होते, त्यांच्या पलीकडे एक इंची, आणि कोपऱ्यात अर्धा इंची पोरे.

मला विकत घेणारा माणूस धुलाईघर चालवत असे. त्याने मला उचलले, एक डोळा मिटला, दुसरा माझ्या तोंडाला लावला आणि आभाळ बघितले. "आरपार दिसतंय. घेऊ," एवढेच तो म्हणाला. माणसांना आपल्या आतले असे आरपार दाखवता येत नाही, म्हणून त्यांच्या पारखीला फार वेळ लागतो.

त्याने मला गच्चीवरच्या टाकीला जोडले आणि तिथून खाली धुण्याच्या खोलीत उतरवले. मग एका सकाळी वरची झडप उघडली आणि माझ्यातून पहिल्यांदा पाणी गेले. मित्रांनो, त्याविषयी मी फार बोलणार नाही. एवढेच सांगतो की त्यापूर्वी माझी पोकळी रिकामी आहे हे मला माहीत नव्हते. ती भरली तेव्हा कळले.

त्या खोलीत दोन हौद होते, दगडी कट्टा होता, भट्टीवर उकळणारी तांब्याची मोठी हंडी होती. साबणाचा वास भिंतींत इतका मुरला होता की सुट्टीच्या दिवशीही खोली नुकतीच धुतल्यासारखी वाटे. धुलाईवाल्याला दोन मुली होत्या. मोठीला सगळे थोरली म्हणत आणि लहानीला धाकटी. त्या दोघी माझ्या तोंडाखालच्या हौदाशी वाढल्या. शाळेतून आल्या की बापाच्या हाताखाली चादरींच्या घड्या घालत. एकीने दोन कोपरे धरायचे, दुसरीने दोन. मध्ये ताणलेले पांढरे कापड. एकदा रुंदीत दुमडायचे, मग चालत एकमेकींकडे यायचे आणि लांबीत दुमडायचे. हात हातांना लागत, कोपरे एकीकडून दुसरीकडे जात, आणि त्या पुन्हा मागे सरत.

बाप हिशेबाचा पक्का होता. बिस्किटाचे दोन तुकडे करायचे असले तरी तो फूटपट्टी आणत असे. "अर्धं म्हणजे अर्धं," तो म्हणे, "डोळ्यांवर भरवसा नाही, पट्टीवर आहे." कुणी पाण्याच्या धारेचे कौतुक केले की तो माझ्यावर हात थोपटत असे. "दोन इंची आहे. पोटभर पाणी देतो. आम्ही तिघं मरमर करतो, याला कधी दम लागलेला बघितला नाही." त्या थोपटण्याचा नाद माझ्यात वरपर्यंत चढत जाई आणि टाकीतले पाणी किंचित थरथरे.

बाप गेला. त्यानंतरही पाणी तसेच वाहत राहिले, पण खोलीतले बोलणे आटले.

दोघींच्या कामाच्या रीती निराळ्या होत्या. थोरलीला मोठी कामे आवडत. सभागृहांचे पडदे, वसतिगृहांच्या चादरी. ढिगाने यायचे, ढिगाने जायचे. धाकटीला एकेक कपडा हातात घेऊन धुवायचा असे. कॉलर, बाही, शाईचा डाग, आजारी माणसाची बंडी. थोरली म्हणे, "एका सदऱ्यामागं तू म्हातारी होशील." धाकटी म्हणे, "आणि तू चादरी धुतेस का नुसत्या बुचकळतेस, ते एकदा बघ." हे बाप असताना चेष्टेत चाले. त्याच्या मागे ते चेष्टेत राहिले नाही. प्रत्येकीला वाटू लागले की दुसरी आपल्या कामाला कमी लेखते. मग एक दिवस खोलीच्या मधोमध विटांची भिंत उभी राहिली. एक हौद इकडे, एक तिकडे. तांब्याची हंडी धाकटीकडे गेली, मोठा कट्टा थोरलीकडे. टाकी मात्र एकच राहिली, कारण पाण्याच्या मध्ये भिंत उभी राहत नाही.

आणि मी? मी तर अखंड होतो. मला कुणाच्या वाट्याला घालणार?

मिस्त्री आले. दोघींना लहानपणापासून ओळखणारे, जाडजूड, गमत्या स्वभावाचे. त्या दिवशी त्यांनाही गंमत सुचेना.

"दोघींना निम्मं-निम्मं पाणी मिळायला पाहिजे," थोरली म्हणाली. "एक थेंब इकडचा तिकडे नको."

"सोपं आहे," मिस्त्री म्हणाले. "हा दोन इंची काढतो. त्याच्या जागी एकेक इंचाचे दोन टाकतो. एक तुम्हाला, एक छोट्या ताईंना. एक आणि एक दोन. झालं निम्मं-निम्मं."

धाकटीने फूटपट्टी आणली. माझे तोंड मोजले: दोन इंच. नव्या पाइपांची तोंडे मोजली: एक, एक. दोघींनी माना डोलावल्या. बापाच्या पट्टीने मोजलेली ती वाटणी होती. तिच्यात खोट कुठून असणार?

मित्रांनो, पाइपाला तोंडे दोन असतात, पण जीभ एकही नसते. असती तर मी तेव्हाच सांगितले असते की पाणी एका रेषेवरून चालत येत नाही. ते माझ्या तोंडाची रुंदीही भरते आणि उंचीही भरते. तुमच्या पुस्तकात त्या भरलेल्या जागेला क्षेत्रफळ म्हणतात. रुंदी निम्मी केली की गोल तोंडाची उंचीही आपोआप निम्मी होते, आणि निम्म्याचे निम्मे म्हणजे पाव. माझी बरोबरी करायला तसले बारीक पाइप दोन नव्हे, चार लागले असते. खरे तर चारही पुरे पडले नसते, कारण अरुंद वाटेत पाणी भिंतींना अधिक घासते आणि दमते. पण मला काढून अंगणात टाकले होते, आणि अंगणात पडलेल्याला कोण विचारतो? थोड्या दिवसांनी कुणीतरी मला उचलून दोन खांबांवर आडवे ठेवले. तेव्हापासून मी ब्लँकेटांचा झालो.

तिथून मला धुण्याच्या खोल्यांची दोन मागची दारे दिसत. भिंतीवरून खाली उतरणारे ते दोन बारीक पाइपही दिसत. मला त्यांचा मत्सर वाटे, हे लपवत नाही. त्यांच्यात पाणी होते.

पण ते किती कमी होते! थोरलीचा हौद भरता भरेना. पडद्यांचे ढीग साबणात तसेच पडून राहू लागले. धाकटी एकेक सदरा खळबळण्यासाठी धारेखाली उभी राही आणि धार करंगळीएवढी येई. कामाला आलेल्या बाया नळाकडे बघत बसत. आणि भिंतीपलीकडचे पाणी, मित्रांनो, नेहमीच जास्त वाजते. थोरलीला वाटे, धाकटीकडे धो-धो चालले आहे. धाकटीला वाटे, थोरलीने वर जाऊन काहीतरी पिळून ठेवले आहे. त्यातच टाकी रोज भरून वाहू लागली. बापाच्या सवयीने पंप पूर्वीइतकाच वेळ चाले, आणि पाणी टाकीच्या काठावरून गच्चीवर सांडे. पंप बंद करायला दुसरी मुद्दाम उशीर करते, अशी प्रत्येकीची खात्री झाली.

एका सकाळी अंगणात, अगदी माझ्याजवळ, त्यांची गाठ पडली.

"गच्चीवर काय करत असतेस गं रोज?" थोरलीने विचारले.

"सांडलेलं पाणी बघते. तू सांडलेलं."

"मी? माझ्या नळाखाली बादली लावली की ती भरेपर्यंत बायांचा डबा खाऊन होतो. हात धुवायला मात्र पाणी नसतं."

"माझ्या नळाखाली बादली लावली की मी चहा टाकते. तो उकळतो, मी गाळते, पिते, कपही विसळून ठेवते—"

"विसळायला मिळतं ना? मग आहे की पाणी."

धाकटीला हसू येऊ शकले असते. तसे घडले असते तर पुढचे टळले असते. पण ती म्हणाली, "मिस्त्री तुझाच माणूस. तूच बोलावलास."

थोरलीचा चेहरा बदलला. "बाबांनी आयुष्यभर तुझ्यासमोर ताट वाढून ठेवलं," ती सावकाश म्हणाली, "म्हणून तुला दुसऱ्याच्या ताटातलं घेताना काहीच वाटत नाही."

धाकटी आपल्या दारातून आत गेली आणि दार लावून घेतले. त्या दिवसानंतर त्या दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. ब्लँकेट वाळत घालायला एक आली की दुसरी थांबे. मी दोघींच्या हातांना ओळखत होतो. एकीचे हात वर येऊन गेले की दुसरीच्या हातांची वाट बघे. माझी स्वतःची तहान तेव्हा मला लहान वाटू लागली.

असा बराच काळ गेला. मग थोरलीकडे एका सभागृहाचा पांढरा पडदा धुवायला आला. इतका मोठा की तो धुण्यातच तिची सगळी ताकद गेली. वाळला, पण घडी कशी घालणार? भिंतीमुळे खोली निम्मी झाली होती, म्हणून तिने तो अंगणात आणला. मदतीची बाई त्या दिवशी आलेली नव्हती. थोरलीने दोन कोपरे हनुवटीखाली धरले, हात पसरले, पाय पसरले. एक टोक सुटले, दुसरे धरेपर्यंत तिसरे जमिनीकडे झुकले.

धाकटी आपल्या दारात उभी होती. ती किती वेळ बघत होती, कुणास ठाऊक. मग ती आली, जमिनीला टेकू पाहणारे टोक उचलले, दुसरे कोपरे शोधले आणि मागे मागे सरत पडदा ताणला. हातांना जे पाठ असते त्याला बोलण्याची गरज नसते. रुंदीत एक घडी पडली. मग दोघी चालत एकमेकींकडे आल्या, लांबीत दुसरी घडी पडली, हात हातांना लागले.

धाकटीने कोपरे सोडले नाहीत.

"सोड," थोरली म्हणाली.

"थांब. ही घडी कितवी?"

"दुसरी. आता घड्याही मोजून घेणार का माझ्याकडून?"

"पहिलीला पडदा अर्धा झाला. आणि आत्ता?"

"पाव. झालं शिकवून? सोड आता."

पण धाकटी तिच्याकडे बघत नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि माझ्या पलीकडे भिंतीवरून उतरणाऱ्या बारीक पाइपाकडे. तिने पडदा थोरलीच्या हातांत दिला, खांद्यावरचा चौकोनी रुमाल काढला आणि तो दुमडत दुमडत बरोबर माझ्या तोंडाएवढा केला. मग माझ्यावर टेकवून धरला. मित्रांनो, कितीतरी दिवसांनी माझ्या तोंडाला कुणाचा हात लागला होता.

"हा जुना पाइप," ती म्हणाली. "याच्या तोंडाएवढा रुमाल. बरोबर?"

"बरोबर. पुढं?"

"आता एक घडी घालते. रुंदी झाली एक इंच. बाबांच्या पट्टीवर मोजली तर अर्धी. पण हे बघ, उंची अजून दोन इंचच आहे. असा उभा तुकडा त्या बारीक पाइपात जाईल?"

थोरलीने बारीक पाइपाकडे बघितले. "कसा जाईल? आडवा-उभा सारखाच हवा ना."

"जायचा असेल तर दुसरी घडी घालावी लागते." धाकटीने ती घातली. "ताई, आपल्याला वाटलं, आपण एकदाच दुमडलं. आपण दोनदा दुमडलं."

थोरलीने पडदा माझ्या पाठीवर टाकला आणि तो रुमाल हातात घेतला. शेवटच्या दोन घड्या उघडल्या, मिटल्या, पुन्हा उघडल्या. कापडावर घड्यांची फुली उमटली होती. तिच्या चार घरांवरून थोरली बोट फिरवत राहिली.

"हे एक तुझं," ती म्हणाली. "हे एक माझं. आणि ही दोन कुणाची?"

"कुणाचीच नाहीत. ते पाणी वर टाकीतच राहतं. त्याला खाली यायला आपण वाटच ठेवली नाही."

"म्हणून टाकी भरून वाहते."

"हो. मला वाटायचं, तू पंप बंद करत नाहीस."

"मला वाटायचं, तू."

थोरलीने रुमालाची फुली अंगठ्याने पुसून काढायचा प्रयत्न केला. घडीची खूण अशी पुसली जात नाही.

"छोटे," ती म्हणाली, "त्या दिवशी मी तुला जे बोलले ना—"

"ताई, पडदा धर आधी. टोक मातीला लागतंय. परत धुवायला पाणी कुठाय आपल्याकडे?"

थोरलीने पडदा उचलला. तिसरी घडी घालताना धाकटीने तिच्या वाटणीचे कोपरेही आपणच जुळवून घेतले.

मिस्त्री पुन्हा आले. त्यांना रुमाल दाखवला. त्यांनी तो उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला.

"तुम्ही म्हणालात, निम्मं करा. मी दोन इंचाचं निम्मं केलं. यात माझा काय गुन्हा?"

"गुन्हा तिघांचा आहे," थोरली म्हणाली. "तुम्ही एकटेच कशाला मोठेपणा घेता?"

तेव्हा मात्र तिघेही हसले. मग मिस्त्रींनी डोके खाजवून हिशेब केला. दीड इंची दोन टाकले तर प्रत्येकीला जुन्याच्या जवळजवळ निम्मे पाणी जाईल. नाहीतर पहिल्यासारखा एकच दोन इंची. "बोला, काय करायचं?" असे म्हणून ते माझ्याजवळ आले आणि माझ्या टोकावरून अंगठा फिरवू लागले.

मित्रांनो, मी त्या क्षणी काय काय मागितले असेल, याची कल्पना करा. एकच पाइप म्हणजे भिंत पडणार. भिंत पडली म्हणजे खोली एक होणार. आणि मी पुन्हा टाकीखाली उभा राहणार.

धाकटी बहिणीकडे बघत होती. थोरली भिंतीकडे.

"दीड इंची," थोरली म्हणाली. "दोन." मग ती धाकटीकडे वळली. "वाईट वाटून घेऊ नकोस. माझे पडदे आणि तुझे सदरे एका हौदात गेले की आपण चौथ्या दिवशी भांडू. भिंत राहू दे. पण घड्या इथं अंगणात, दोघींनी मिळून. माझ्याही आणि तुझ्याही."

"आणि चहा?"

"तुझ्याकडे. बादली भरेपर्यंत तुला नाहीतरी वेळ असतो."

"दीड इंची आल्यावर नसणार."

"मग पटकन करत जा."

धाकटी हसली. तिच्या डोळ्यांत जे होते ते तिने रुमालाने टिपले. मिस्त्रींनी माझे आटे बोटाने चाचपले आणि मान हलवली. "हा तर तसाही गेला कामातून," ते म्हणाले. "आतून गंज धरलाय. कोरडा पडला की लोखंड लवकर जातं."

पण नवे पाइप जोडायचे तर टाकी रिकामी करायला हवी होती. भरलेल्या टाकीतले सगळे पाणी तसेच सोडले तर भिंती भिजल्या असत्या, आणि बारीक पाइपांतून काढत बसले तर रात्र झाली असती. म्हणून त्या दुपारी मिस्त्रींनी मला खांबांवरून उतरवले, माझ्या झिजलेल्या आट्यांवर चिंधी गुंडाळली, वरचे तोंड टाकीला लावून दोरीने आवळले आणि खालचे अंगणाकडे वळवले. दोघी बहिणींनी घरातली सगळी घमेली, टब, बादल्या माझ्यासमोर मांडल्या.

"पांढरं काही जवळ ठेवू नका," मिस्त्री वरून म्हणाले. "आधी गंज ओकू दे त्याला."

पाणी आले. आधी तांबडे, माझ्याच अंगाच्या रंगाचे. मग नारिंगी. मग हळूहळू निवळत निवळत असे नितळ की ते आहे की नाही, हे फक्त आवाजावरून कळावे. मी काठोकाठ भरलो. बहिणी बादल्या सरकवत होत्या, एकमेकींना ढकलत होत्या, एकमेकींच्या अंगावर पाणी उडत होते. धाकटीने माझ्या धारेत दोन्ही हात धरले. "ताई, विसरलोच होतो नाही आपण, किती यायचं ते," ती म्हणाली. थोरलीने आपले हात तिच्या हातांशेजारी धरले. टाकी बघता बघता रिकामी झाली. शेवटचे पाणी माझ्यातून गेले तेव्हा ते जात आहे हे मला कळत होते, आणि मला ते धरून ठेवता येत नव्हते. धरून ठेवणे पाइपाला माहीत नसते. त्याचा जन्मच जाऊ देण्यासाठी असतो.

संध्याकाळी त्यांनी मला पुन्हा खांबांवर ठेवले.

आता दोन दीड इंची पाइप आपापल्या खोलीत भरघोस पाणी देतात. भिंत आहे. रोज दुपारी दोघी अंगणात येतात आणि माझ्यासमोर पांढरी कापडे ताणतात, दुमडतात, पुन्हा ताणतात. कधी भांडतातही, पण आता ते ऐकू येईल इतक्या जवळून. मी बघत असतो. बघणे हे वाहणे नव्हे, पण कोरडेपणात तेवढाच आधार.

मित्रांनो, माझ्या तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. आपल्याला कमी मिळाले आणि दुसऱ्याला जास्त, असे कधी वाटले तर भिंतीला कान लावून बसू नका. बाहेर अंगणात या आणि त्या दुसऱ्याच्या हातात चादरीचे एक टोक द्या. लांबी मोजाल तशी रुंदीही मोजा.

दुसरी मागणी माझ्यापुरती आहे. तुमच्या आसपासही कुठेतरी माझ्यासारखा एखादा पाइप पडलेला असेल. त्याच्या तोंडात खेळता खेळता दगड आणि चिंध्या कोंबू नका. दुपारी वारा सुटला की तो आमच्यातून जातो, आणि त्याचा आवाज थोडासा पाण्यासारखा येतो. मी दर वेळी फसतो. मला फसू द्या.